छकडा, ड्रायव्हर आणि मालक : भोर-वेल्ह्याच्या वाटेवर

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने निघालात, कात्रजचा घाट ओलांडलात आणि खेड शिवापूर मागे टाकलेत, की नसरापूरचा फाटा लागतो. तेथून उजव्या हाताला वळलेली वाट वेल्ह्याकडे जाते. तसेच थोडे पुढे जाऊन कापूरहोळला वळलात, की भोरचा रस्ता. एका वाटेवर राजगड आणि तोरणा, दुसरीवर रोहिडा, नीरेचा काठ आणि पंतसचिवांचा राजवाडा. भोरचे संस्थान १९४८ साली विलीन झाले. वेल्हे तालुक्याला २०२४ साली राजगड हे नाव मिळाले, पण माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.

किल्ले पाहायला येणारा माणूस मान वर करून चालतो. शेतकरी वाचकहो, तुम्ही या वाटेला आलात तर जरा खाली, गोठ्यांकडेही बघा. पश्चिमेला हिर्डस मावळ, वेळवंड, महुडे, कानद, मोसे अशी खोरी. तिथे पाऊस धो धो, खाचरे लहान, पीक भाताचे. तिथला बैल ठेंगणा, काटक, चिखलणीत गुडघाभर रुतूनही न कुरकुरणारा. आता त्याच्या जागी पुष्कळ घरी पॉवर टिलर आला आहे. याच खोऱ्यांत भाटघर, पानशेत, वरसगावची धरणे झाली. भाटघरचे मोठे धरण १९२७ सालापासून पाणी अडवते आहे आणि ते पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे जाते. डोंगरातल्यांनी जमिनी दिल्या, ऊस खाली पिकला.

पूर्वेकडे, महामार्गाच्या अंगाला, रान सपाट होत जाते. या बाजूच्या दावणीला मग एखादा पांढराशुभ्र, लांबट तोंडाचा, मागे वळलेल्या शिंगांचा खिलार दिसतो. त्याच्या अंगावर झूल, पुढ्यात पेंड आणि सरकी, आणि शेजारी बाज टाकून बसलेला घरधनी. हा बैल नांगराचा नाही. हा शर्यतीचा.

दोन तऱ्हा

पुणे जिल्ह्यात शर्यतीच्या दोन तऱ्हा आहेत, आणि बाहेरचा माणूस त्यांत नेहमी घोटाळा करतो. उत्तरेला खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर, मावळ या भागात ‘घाट’ असतो. तिथे गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढे घोडी, आणि एकेक गाडा वेगळा पळतो. निकाल घड्याळातल्या सेकंदांवर. दक्षिणेला भोर, पुरंदर आणि पलीकडे साताऱ्याकडे हलका लाकडी छकडा, त्याला दोन बैल आणि वर एक माणूस. आखून दिलेल्या चाकोऱ्यांतून गाड्या एकाच वेळी शेजारीशेजारी सुटतात. गटात पहिला आला तो सेमीला, सेमीत पहिला आला तो फायनलला. म्हणजे गुलाल घेणारी जोडी एका दिवसात तीनदा पळते.

माघ ते वैशाख हा जत्रांचा मोसम. रब्बी निघाली, रान मोकळे झाले, की गावोगाव मैदाने ठरतात. सकाळपासून पिकअप गाड्या बैल घेऊन येतात. आदत, दुसा, चौसा असे दातांवरून गट पाडतात. माईकवरचा माणूस बैलाचे नाव आधी घेतो, गावाचे मग, आणि मालकाचे शेवटी. हा क्रम अगदी योग्य आहे. मुळशीतल्या सूस गावचा ‘बकासुर’ ज्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्यांनाही त्याचे नाव पाठ आहे.

पैरा

या खेळातला एक शब्द मोठा गोड आहे : पैरा. आपल्या आजोबांच्या वेळी ज्याच्याकडे एकच बैल असे तो शेजाऱ्याशी पैरा करी. तुझा एक, माझा एक, आज तुझे रान नांगरू, उद्या माझे. नांगरटीतला तो पैरा संपत आला, पण शर्यतीत तोच शब्द जिवंत आहे. एका मालकाचा एक बैल, दुसऱ्याचा दुसरा, दोघांचा पैरा जमला तर छकडा पळतो. दोन्ही बैल वेगवान असून भागत नाही. एक सुटताना झेप घेणारा आणि दुसरा शेवटपर्यंत दम धरणारा असेल, आणि दोघे जुवाखाली एकमेकांना सांभाळून घेतील, तरच पुढचे निशाण दिसते.

आणि तिसरा असतो तो ड्रायव्हर. मैदानात त्याला हाच शब्द आहे. अंगाने हलका, वयाने तरुण, हातात कासरा, पायाखाली दोन-चार फळ्या. छकडा उधळला किंवा चाकाला चाक लागले तर पहिला तोच खाली येतो आणि चाकही त्याच्याच अंगावरून जाते. ढाल मालकाच्या घरी जाते, ड्रायव्हरच्या हाती ठरलेला मेहनताना. गुडघा किंवा खांदा गेला की त्याचा खेळ तिथेच संपतो. मालकाचा खेळ मात्र गाठीला पैसा असेपर्यंत चालू राहतो. म्हणून ड्रायव्हर आणि मालक या दोन वेगळ्या जाती आहेत. एका जन्मात दोन्ही नीट साधलेला माणूस विरळा.

सातासमुद्रापलीकडचा डोंगरी

असा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव ज्युनियर जॉन्सन. गाव उत्तर कॅरोलायना राज्यातल्या विल्क्स नावाच्या डोंगराळ मुलखात. तिकडे ‘स्टॉक कार’ची शर्यत असते. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळते तशी साधी मोटार. तीच गाडी आतून तयार करायची आणि शर्यतीत पळवायची. आपण घरच्या गोठ्यातला खोंड तयार करतो, तसलेच हे. या शर्यतींची ‘नॅसकार’ ही संस्था १९४८ साली उभी राहिली.

ज्युनियरचा जन्म १९३१ चा. बाप हातभट्टीची व्हिस्की गाळी आणि पोरगा रात्री डोंगरातल्या वळणांवरून ती मोटारीने पोचवी, मागे सरकारी माणसांच्या गाड्या. हे काम काही कौतुकाचे नव्हे. १९५६ साली तो बापाच्या भट्टीवरच पकडला गेला आणि अकरा महिने तुरुंगात काढून आला. तीस वर्षांनी, १९८६ साली, राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. पण गाडी हाकायला तो त्या वळणांवरच शिकला, हेही खरे.

त्याच्या पहिल्या शर्यतीची हकीकत आपल्या घरातली वाटेल. अठरा वर्षांचा ज्युनियर खेचर जुंपून अनवाणी नांगर धरत होता. थोरला भाऊ बांधावर येऊन म्हणाला, आज शर्यत आहे, गाडी चालवायला माणूस हवा. याने नांगर सोडला, गेला आणि दुसरा आला.

पुढे १९६० साली डेटोनाच्या मोठ्या शर्यतीत त्याची गाडी इतरांपेक्षा हळू होती. सरावात त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. वेगवान गाडीच्या अगदी पाठीला चिकटून पळाले, की पुढची गाडी वारा फोडते आणि मागचीला भार कमी पडतो. त्या युक्तीवर त्याने ती शर्यत जिंकली आणि साऱ्या धंद्याने ती उचलली. मालट्रकच्या मागे सायकल धरणाऱ्या पोरांना ही गोष्ट माहीत असते. ती जिवावरची आहे, करू नये, पण कारण तेच.

ड्रायव्हर म्हणून त्याने ५० शर्यती जिंकल्या आणि १९६६ साली, अंगात जोर असतानाच, चाक सोडले. त्यानंतर तो मालक झाला. आपल्या गाड्यांवर दुसरे ड्रायव्हर बसवून त्याने सहा वेळा वर्षाचे अजिंक्यपद मिळवले. केल यारबरोबरोबर १९७६, ७७ आणि ७८ साली, डॅरेल वॉलट्रिपबरोबर १९८१, ८२ आणि ८५ साली. १९९५ साली त्याने तो व्यापही आवरला. कोंबड्या आणि गुरे त्याने आधीपासून पाळली होती. त्याच्या मोटारीवर एके काळी कोंबड्यांच्या व्यापारी कंपनीचेच नाव रंगवलेले असे. डिसेंबर २०१९ मध्ये तो वारला.

त्याची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली, की कधी उतरायचे हे त्याला दोनदा कळले : एकदा ड्रायव्हरच्या जागेवरून, एकदा मालकाच्या. आणि दोन्ही वेळा खाली उतरायला त्याच्यापाशी जमीन होती.

बंदीची वर्षे

मोटारीला दुखत नाही, बैलाला दुखते. हा फरक आपल्याकडे कोर्टापर्यंत गेला. २०११ साली केंद्र सरकारने खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतींवरही बंदी आणली. बैलाच्या शरीराची ठेवण घोड्यासारखी शर्यतीत धावण्याची नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या थांबवल्या. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्यांचे कायदे ग्राह्य धरले.

त्या सात-साडेसात वर्षांत कित्येक दावणी रिकाम्या झाल्या. खोंड घ्यायला गिऱ्हाईक उरले नाही. ट्रॅक्टरने आधीच बैल मागे लोटला होता. २०१२ ते २०१९ या काळात देशातले नर गोवंशाचे जनावर सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे पशुगणनेत दिसले. शर्यतीमुळे खिलार टिकतो, हे मालकांचे म्हणणे म्हणूनच अगदी उडवून लावण्यासारखे नाही.

पण परवानगी अटींवर आहे, हे विसरू नका. जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी, धाव हजार मीटरच्या आत हवी, बैलाची डॉक्टरांकडून तपासणी हवी. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका यांना बंदी आहे. शेपटी पिरगाळणे, चावणे हेही त्यातलेच. मोडणाऱ्याला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याची भीती बाजूला ठेवा. जो बैल मारल्याशिवाय पळत नाही तो शर्यतीचा नव्हे, हे जुने जाणते पूर्वीपासून सांगत आले आहेत.

गोठ्यातला हिशेब

आता घरातल्या हिशेबाचे बोलू. सांगली जिल्ह्यात २०२३ साली पैलवान चंद्रहार पाटील यांनी भरवलेल्या मैदानात पहिले बक्षीस थार मोटारीचे होते. अशी बातमी आली, की गावातल्या पोरांच्या डोळ्यांसमोर मोटार उभी राहते. पण समजा मैदानात शंभर छकडे आले. मोटार एकाच घरी जाते. बाकीचे पिकअपचे भाडे देऊन रात्री घरी येतात. दुसऱ्या दिवशी पहाटे खुराक लागतोच, आणि तो जिंकलेल्या बैलाला लागतो तेवढाच हरलेल्यालाही.

आणि तो कालवतो कोण? नाव मालकाचे असते, पण पेंड भिजवणे, शेण काढणे, बैलाला ताप आला तर रात्री कंदील धरणे, हे बहुतेक घरांत आई, बायको, सुनेच्या वाट्याला येते. बैल घ्यायचा की नाही, हे ठरवताना त्यांनाही विचारा. जी बाई ‘घ्या’ म्हणेल तीच त्याला पोटच्या पोरासारखा सांभाळील.

आणखी एक गोष्ट. पाचव्या वर्षाच्या आसपास बैलाचे तोंड जुळते. पळण्याची चार वर्षे फार तर धरा. त्यानंतरही तो पुष्कळ जगतो. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीला बंदी आहे. म्हणजे तो म्हातारा बैल तुमच्याच दावणीला राहणार. ज्याने त्या म्हातारपणाचा चारा आधी मोजला, त्याने बैल घ्यावा. ज्याने बक्षीस आधी मोजले, त्याने घेऊ नये. जमीन गहाण टाकून, सोसायटीचे कर्ज फिरवून तर नाहीच नाही. ड्रायव्हर पोराचा अपघाताचा विमा मालकाने आपल्या पदरचा उतरवावा. त्याच्या हातावरच तुमचा गुलाल आहे.

भोर-वेल्ह्याकडे जाल तेव्हा राजगड पाहा, नसरापूरजवळ बनेश्वराच्या बनात घटकाभर टेका. जत्रेचा दिवस असला तर मैदानावरही जा, पण फायनल झाल्यावर लगेच निघू नका. गर्दी पांगली, माईक बंद झाला, की कोणता मालक आधी बैलाचे अंग पुसतो आणि कोणता आधी फोटो काढून घेतो, ते निरखून बघा. पैरा करायचाच झाला तर पहिल्याशी करा.