सेकंद ऐकणारी माणसे

भुशीला राहणाऱ्या माणसाला छायाचित्रांचे अप्रूप फारसे उरत नाही. पावसाळ्यात धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी ओसंडू लागले की त्याच पायऱ्या आणि तेच तुषार हजारदा टिपले जातात, आणि प्रत्येक चित्राच्या वाट्याला कोणाचे तरी एक 'छान' येतेच. हा शब्द मीही विद्यार्थ्यांच्या कवितांच्या वह्यांवर वर्षानुवर्षे उदार हाताने लिहीत आलो. त्याची किंमत मला ठाऊक होती. तरीही तो माझ्या वाट्याला आला तेव्हा मी तो मुकाट्याने खिशात घातला.

बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेली बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतरच्या एका चैत्रात मी मावळातल्या एका गावच्या यात्रेला कॅमेरा घेऊन गेलो. शर्यती असाव्यात की नसाव्यात हा वाद मोठा आहे. येथे तो बाजूला ठेवतो. न पाहिलेल्यांसाठी एवढेच सांगतो की आमच्याकडे गाडे एकमेकांशेजारी धावत नाहीत. धावेसाठी तयार केलेल्या चढाला घाट म्हणतात. एका वेळी एकच गाडा सुटतो. चार बैल, गाड्यात कोणी नाही आणि पुढे वाट दाखवणारी घोडी. निशाणापर्यंत पोहोचायला किती सेकंद लागले, त्यावर क्रम ठरतो. अशा एका धावेला बारी म्हणतात.

मी घाटाच्या वरच्या टोकाला उभा होतो. एका बारीची बारा-पंधरा चित्रे घेतली आणि त्यांतले एक लख्ख आले. भंडाऱ्याने पिवळी झालेली कपाळे, फुललेल्या नाकपुड्या, मागे उन्हात पेटलेली धूळ आणि त्यामागे माणसांची दाटी. त्याला मी 'वेग' असे नाव दिले आणि मोठी प्रत काढून विभागात लावली. सहकाऱ्यांनी कौतुक केले. एकाला त्यात आदिम ऊर्जा दिसली. अशी ऊर्जा पाहण्यात आम्ही साहित्याचे अध्यापक मोठे वाकबगार असतो.

पुढे एक प्रत घेऊन मी त्या बैलांच्या मालकाकडे गेलो. वयस्कर शेतकरी. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि चित्र उजेडात धरले. आधी बैलांना नावांनी ओळखले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"कसा वाटला, मामा?" मी न राहवून विचारले.

"बैल झ्याक आलेत. पण सर, हा फोटू बारीचा नाय."

"म्हणजे?"

"ही मागची माणसं बघा की. एकजण तरी बैलांकडं बघतोय का? समद्यांच्या माना तिकडं. सेकंद ऐकत्यात. बारी झाली हो ही. बैल थांबाय लागलेत." मग थोडे थांबून म्हणाले, "आन् घोडी कुठाय?"

ज्या गर्दीला मी पार्श्वभूमी समजत होतो, तीच माझ्या चित्राविरुद्ध साक्ष देत होती. ध्वनिक्षेपकावरून सेकंद पुकारले जाण्याची वाट पाहणारे ते चेहरे मी महिनाभर रोज पाहिले होते, पण वाचले नव्हते. घरी येऊन बाकीची चित्रे उघडली तेव्हा उलगडा झाला. खरी धाव चालू असतानाची सगळी चित्रे फिसकटली होती, कारण मी ठेवलेल्या शटरच्या गतीला तो वेग पेलला नव्हता. ते एक चित्र लख्ख आले, कारण बैल मंदावले होते. म्हणजे ज्या गुणासाठी मी ते निवडले, तो गुणच त्याच्या नावाला खोटे पाडत होता.

अशा वेळी हौशी माणसाला लार्तिग आठवतो. झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच तरुणाने १९१०च्या दशकाच्या आरंभी मोटारींच्या शर्यतीत एक चित्र घेतले. त्यात मोटार अर्धी कापली गेली आहे. कॅमेरा मोटारीबरोबर फिरत असताना शटरची फट सरकत गेल्यामुळे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि प्रेक्षक मागे कलले आहेत. ते फसले असे समजून त्याने ते बराच काळ बाजूला ठेवले होते. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता; आज ते 'फसलेले' चित्र वेगाचे चित्र म्हणून जगभर ओळखले जाते.

मीही आशेने माझे एक फिसकटलेले चित्र छापून मामांकडे नेले. "ही बारी खरी," ते म्हणाले, "पण ह्यात दिसत काय नाय." मी लार्तिग नव्हतो, हेही त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले.

त्या माणसाला छायाचित्रणकलेतले काही कळत नव्हते. बारीतले मात्र सारे कळत होते. माझे मन राखण्याचा विचार त्यांना सुचलाही नसावा, कारण त्यांचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच, ते चित्राकडे होते. प्रामाणिक अभिप्रायाला धैर्य लागते असे आपण म्हणतो. मला वाटते, त्याआधी हे लक्ष लागते. 'छान' म्हणणारा समोरच्या माणसाचा चेहरा पाहत असतो. 'घोडी कुठाय?' असे विचारणाऱ्याने चित्र पाहिलेले असते.

त्यानंतर एका विद्यार्थिनीची वही मी परत मागून घेतली. तिच्यातल्या आजीवरच्या कवितेखाली माझ्याच अक्षरात 'छान. लिहीत राहा.' असे होते. मी ते खोडले, कविता तीनदा वाचली आणि समासात लिहिले : 'आजी दिवसभर काय करते, ते या कवितेत कोठेच नाही. का?' वही घेताना तिने ते वाचले आणि तिचा चेहरा उतरला. आभार मानून ती गेली. त्याला आता दोन महिने झाले. ती अजून पुन्हा आलेली नाही.