जेऊर स्टेशन ते कुगावची होडी

करमाळा हे सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण सव्वाशे किलोमीटरच्या घरात, त्यामुळे तिकडे जायचे ते कोर्टकचेरीच्या कामापुरते. तालुक्याच्या हद्दीला पुणे, अहिल्यानगर आणि धाराशिव हे तीन जिल्हे भिडलेले आहेत आणि इथल्या सोयरिकींनी जिल्ह्यांच्या रेषा कधीच पाळलेल्या नाहीत. बहीण इंदापुरात, मामा कर्जतला, चुलतभाऊ हडपसरला, वर्गमित्र चाकणच्या कंपनीत, असा घराघरांचा पसारा. करमाळ्याला निघालेला माणूस त्यामुळे तिकीट एका गावाचे काढतो आणि उतरतो चार ठिकाणी. प्रस्तुत लेखकाचा जानेवारीतला प्रवासही असाच झाला.

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी रेल्वे दौंड, भिगवण मागे टाकून भीमा ओलांडते आणि करमाळा तालुक्यात शिरते. हा मार्ग मूळचा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा. 1859 साली तो कुर्डुवाडीपर्यंत पोचला. उजनी धरणाच्या पाण्यामुळे पुढे रूळ हलवावे लागले आणि डिकसळजवळचा जुना रेल्वेपूल रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला. भिगवणनंतर खिडकीबाहेर पाणीच पाणी दिसते. हिवाळा सरता सरता उघड्या पडलेल्या गाळावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. डब्यातले शहरी प्रवासी मोबाइल काढून दाराशी धावतात. गाववाले जागचे हलत नाहीत, त्यांना सामान आवरायचे असते. जिंती रोड, पारेवाडी, वाशिंबे, पोफळज अशी लहान स्थानके झाली की जेऊर येते.

जेऊर ते करमाळा हे अंतर सुमारे 18 किलोमीटर. टेंभुर्णीहून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता या भागातून जातो. एसटी किंवा जीप मिळते. खरे तर भेटीगाठींना सुरुवात जेऊरच्या फलाटावरच होते. ‘कवा आलास?’ हा प्रश्न, गाडीतून उतरताना समोर दिसत असूनही, हमखास विचारला जातो. ‘हे काय, आत्ताच की’ एवढेच उत्तर त्याला पुरते. जेऊर हे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे गाव. ‘सैराट’ 2016 साली आला, त्यातले बरेचसे चित्रण याच तालुक्यातले. त्याआधी ‘करमाळा म्हणजे नेमकं कुठं?’ असे विचारणारे मुंबईकडचे पाहुणे त्यानंतर स्वतःहून येऊ लागले. आल्यावर ते नातेवाइकांआधी चित्रीकरणाच्या जागांची चौकशी करतात, हा भाग वेगळा.

गावात शिरल्यावर पहिला मुक्काम देवीच्या माळावर पडतो. करमाळ्याच्या पूर्वेला या माळावर कमलाभवानीचे मंदिर आहे. निजामाचे सरदार राव रंभा निंबाळकर यांनी ते अठराव्या शतकात बांधले. गावातला भुईकोटही त्याच घराण्याचा. प्रवेशद्वारांवरची शिखरे दक्षिणेतल्या गोपुरांची आठवण करून देतात. आवारात उंच दीपमाळा आहेत. मंदिराच्या रचनेत 96 हा आकडा फिरून फिरून येतो, असे इथे अभिमानाने सांगतात: 96 खांब, 96 ओवऱ्या, 96 पायऱ्यांची विहीर. खांब मोजायला घेतलेला प्रत्येक जण मध्येच कुणीतरी हाक मारल्यामुळे चुकतो. लेखकही चुकला. हाक मारणारा दहावीपर्यंतच्या बाकावरचा मित्र होता आणि केस गेल्यामुळे आधी ओळखू आला नाही.

नवरात्रात घट बसले आणि कार्तिकात यात्रा भरली की बाहेरगावी गेलेली घरे माळावर एकत्र येतात. पूर्वी पत्रातून ‘यात्रेला येणे’ एवढे कळवले तरी पुरे असे, कारण तारीख देवीची आणि जागा ठरलेली. आता मोबाइलवर रोज बोलणारी माणसे दोन-दोन वर्षे भेटत नाहीत आणि यात्रेच्या गर्दीत अचानक समोर आली की काही क्षण काय बोलावे ते त्यांना सुचत नाही. विहिरीच्या पायऱ्या त्यासाठी बऱ्या. गार दगडावर बसून तासभर बोलले तरी कुणी उठवत नाही. शाळेचे मास्तर, कुणाची जमीन विकली, कुणाच्या मुलीचे कुठे ठरले, कोण गेले, या क्रमाने बोलणे होते; हा क्रम सहसा बदलत नाही.

जानेवारीतली दुसरी ठरलेली भेट हुरड्याची. तालुक्याची जुनी ओळख रब्बी ज्वारीची. धरणाचे पाणी पोचले तिथे ऊस आणि केळी आली, कंदरची केळी तर आखाती देशांत जातात. तरी बांधाकडेला थोडी ज्वारी राखलेली असते, ती पाहुण्यांसाठी. दाणे दुधाळ असतानाच कणसे खुडायची, गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, हातावर चोळून फुंकर मारायची. कणीस भाजणारा आणि चोळणारा माणूस घरचा असावा लागतो, कारण हाताला चटके बसतात आणि स्वतःच्या तोंडात शेवटपर्यंत फारसे काही पडत नाही. सोबत शेंगाची चटणी, दही, गूळ. शहराजवळच्या शेतांवर हल्ली माणशी दर लावून हुरडा मिळतो. इथल्या आगटीभोवती दर नसतो, पण जाताना ‘पुढच्या साली पोरांना घेऊन ये’ ही अट असते, आणि ती पाळली नाही तर वर्षभर ऐकून घ्यावे लागते.

प्रवासाचा तिसरा टप्पा पाण्यावरचा. भीमेवरचे उजनी धरण 1980 साली पुरे झाले. त्याची साठवण 117 टीएमसी. त्यातले निम्म्याहून अधिक, सुमारे 63 टीएमसी, मृतसाठा. या पाण्याखाली करमाळा, इंदापूर, माढा, कर्जत या तालुक्यांतली भीमाकाठची गावे गेली. गावे उठली ती एकाच दिशेला गेली नाहीत. कुणी वरच्या माळावर वसले, कुणाला पलीकडच्या तीरावर जमीन मिळाली. पूर्वी नदीच्या उतारातून चालत जाण्याएवढे जवळ असलेले माहेर एकदम तळ्यापलीकडे गेले. सडकेने जायचे तर टेंभुर्णीकडून किंवा भिगवणकडून लांबचा वळसा. म्हणून कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला होडी चालू राहिली. माणसे, दुधाच्या किटल्या, मोटारसायकली, आहेराची पातेली, सगळे तिच्यातून जाते.

या होडीचे सुख सांगताना तिची जोखीम झाकता येत नाही. 21 मे 2024 रोजी संध्याकाळी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत एक कुटुंब लहान मुलांसह होते. लेखकाच्या आत्याचे घर पलीकडे आहे. ‘वारं असलं तर येऊ नगंस, म्या काय पळून जात न्हाई,’ असे तिने फोनवर आधीच बजावले होते. त्या सकाळी वारा नव्हता. इंजिन चालू असेपर्यंत कुणी बोलत नाही, बोललेले ऐकूही येत नाही. मध्यावर आल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यांनी पाण्याकडे बोट दाखवून, इथे आमची चिंच होती, एवढेच सांगितले. आत्या काठावर उभी होती. ‘लई रोडावलास रं’ हे तिचे पहिले वाक्य. वजन चार किलोंनी वाढलेले असल्याने त्याला काही उत्तर नव्हते. दुपारी ताटात चिलापीचे कालवण आले. हा मासा उजनीत इतका माजला आहे की जुन्या माणसांना आधी कोणते मासे मिळत ते आठवून सांगावे लागते.

उन्हाळ्यात याच प्रवासाला आणखी एक कारण मिळते. उपयुक्त साठा संपून पातळी उणे गेली की बुडालेले वर येते: पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर, कुगावचा इनामदारांचा वाडा, घरांची जोती, रांजणाचे तुकडे. 2024 च्या मे महिन्यात पातळी उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरली होती. दुष्काळाची ती खूण, पण अशा वर्षी विखुरलेली भावकी म्हाताऱ्यांना जीपमध्ये बसवून तिथे आणते. भेगाळलेल्या गाळातून म्हातारे काठी टेकत चालतात आणि चूल कुठे होती, गोठा कुठे होता, ते नातवंडांना दाखवतात. दोघा भावांचे जोत्याच्या हद्दीवरून वादही होतात. धरणाला चार दशके उलटली तरी ते मिटलेले नाहीत, आणि मिटवायला आता जमीनही पाण्यातच आहे.

परतीच्या प्रवासात पिशव्यांची संख्या दुप्पट होते. त्यांत ज्वारीचे पीठ, शेंगाची चटणी, कंदरच्या केळ्यांची फणी असते आणि घरात बायका असतील तर केमचे कुंकू. केम हे जेऊरपुढचे, याच तालुक्यातले स्थानक, कुंकवासाठी ओळखले जाणारे. आत्याने पिठाच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून सहा अंडी ठेवली होती. दौंडपर्यंत त्यांतली चार शाबूत होती.