आरवणारा स्पीकर

मागच्या मार्चमधली गोष्ट. खांडसहून भीमाशंकरच्या वाटेने उजाडता उजाडता चढत होतो. पाचोळा एवढा की पाऊल टाकलं की करकर. डावीकडच्या झुडपातून रानकोंबडा आरवला. पाळीव कोंबड्यासारखा लांब सूर नाही, तुटक: कुक-काया-काया-कुक. परत आरवला. परत. तिसऱ्या वेळी कळलं, आरवण्यामागे ट्रकचा हॉर्न वाजतोय. आणि दर वेळी त्याच जागी!

मोबाईलवरचं रेकॉर्डिंग. झुडपात मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर आणि पुढे पायवाटेवर नायलॉनच्या फाशांची रांग.

हे दिवस त्यांच्या विणीचे. आपल्या हद्दीत दुसरा नर आरवला की हा त्याला हुसकायला धावत येतो. तसा आलाच. दहा पावलांवर मान उंच करून थांबला. मानेवरची ती मेणाच्या ठिपक्यांची पिसं (याच पिसांसाठी एकेकाळी विलायतेत मागणी होती, मासे धरायच्या गळाला लावायला). मी मोठ्याने खाकरलो. भर्रकन उडाला.

दोन पोरं बाहेर आली, सोळा-सतराची. चिडली नाहीत, ओशाळली.

"काका, आमी खात नाय. बंगल्यावरची ऑर्डर हाय."

आमच्याकडे एक म्हातारा ठाकर तोंडाने हुबेहूब आरवायचा. लोक पाळलेला कोंबडा बांधूनही रानातला बोलवायचे. उगाच जुन्याचे गोडवे गात नाही, तेव्हाही पाखरू मरायचंच. पण सकाळभर दम धरून बसावं तेव्हा एखादं मिळायचं. स्पीकर दमत नाही, त्याला काही शिकावंही लागत नाही.

युरोपात पक्ष्यांच्या शिकारीला परवानगी आहे, तरी १९७९ च्या पक्षी-निर्देशाने टेपरेकॉर्डर लावून शिकार करायला मनाई केली. आपल्याकडे प्रश्नच मिटलेला आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद. फासा लावणं, आमिष दाखवणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं कायद्याने शिकारच. आणि बंगलेवाल्यांनी नीट वाचावं: अशा शिकारीचं मांस सरकारी मालमत्ता ठरते. विकत घेणारा, फ्रिजमध्ये ठेवणारा, दोघेही गुन्हेगार.

पण सापडतो कोण? वाडीतला पोरगा. दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते, मागे राहिलेल्याला शनिवार-रविवारची अशी "ऑर्डर" मिळते. फासे त्याचे, केस त्याच्यावर, वकिलाचे पैसे त्याच्या आईने उभे करायचे. जेवणाऱ्याचं नाव कागदावर आलेलं मी तरी बघितलं नाही. कर्जत-खालापुरात फार्महाऊस किती झालेत ते तुम्ही रोज बघताच.

फोटोवाल्या मित्रांनाही सांगायचंय, राग मानू नका. जूनमध्ये नवरंग आला की तुम्हीही त्याची शीळ स्पीकरवर लावता. तुम्ही मारत नाही, मान्य. पण तो घरटं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो, तुमची मेमरी भरेपर्यंत.

पोरांना मी पकडून दिलं नाही. फासे सोडवून घेतले, बंगला कुठला ते विचारलं. सांगितलं नाही त्यांनी. पुढच्या ऑर्डरची भीती असणार.

कुणाच्या पार्टीत "गावठी नाही, रानातली आहे" असं कानावर आलं तर वनविभागाचा नंबर १९२६. फोन करताना बंगल्याचा पत्ता आधी सांगा, पोराचं नाव नंतर.