नुसती प्लास्टरं

वाई, रविवार

चि. मुक्ता हीस,


परवा ताईचा फोन आला. एमएस ऑर्थोला लागून चार महिने झाले, अजून नुसती प्लास्टरं घालतेस, एक्स-रे घेऊन पळतेस, आता सीट सोडायची म्हणतेस. आवाजात निम्मी काळजी, निम्मं ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’. मुलींनी हाडांच्या वाटेला जाऊ नये असं तिला अजूनही वाटतं. त्यावरून मी तिच्याशी भांडून घेतलं, तू त्यात पडू नकोस.

मी अडलो ते ‘नुसती’वर.

आमच्या प्लास्टर रूमला एक मामा होते, वॉर्डबॉय म्हणून लागलेले. प्लास्टर घालायला मी प्रोफेसरांकडून नाही, त्यांच्याकडून शिकलो. सहा इंची रोल बादलीत सोडायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हात लावायचा नाही. मग दोन्ही टोकं धरून आतल्या बाजूला दाबायचा, म्हणजे पावडर पाण्यात वाहून जात नाही. गुंडाळताना ओढायचा नाही. ओलं प्लास्टर बोटांच्या टोकांनी धरलंस की मामा हातावर चापट मारत. बोटाचा खळगा वाळला की आतून कातडीला टोचतो. तळव्यांनी धरायचं. ते गरम होत जमत असतं, तेवढा वेळ तुटलेली टोकं जागेवर धरून ठेवायची. मनगटाजवळच्या फ्रॅक्चरचं वर्णन कोलेसने १८१४ साली लिहिलं आणि एक्स-रेचा शोध लागला १८९५ ला. त्याच्याजवळ होते ते हातच.

आता माझी गोष्ट, आजवर ताईलाही न सांगितलेली. चिंचेवरून पडलेलं सहा वर्षांचं पोर, कोपराच्या वरचं फ्रॅक्चर. आता तुम्ही सी-आर्मखाली के-वायर घालता. तेव्हा मी हाड बसवलं, कोपर पुरतं वाकवलं आणि प्लास्टर घालून झोपायला गेलो. तीस तास जागा होतो. पोर रडतंय म्हणून सिस्टरचा निरोप आला, मी पडल्या पडल्या इंजेक्शन सांगितलं. दुसऱ्यांदा त्या स्वतःच ड्युटी रूमच्या दारात आल्या. “डॉक्टर, हे रडणं इंजेक्शनचं नाही.”

जाऊन पाहिलं तर नखं गुलाबी, नाडी लागत होती. तेवढ्यावर मी परत फिरणार होतो. पण सिस्टरनी त्याचं मधलं बोट हलकेच सरळ केलं आणि पोर किंचाळलं. मामांनी कात्री घेतली. प्लास्टर, खालचा कापूस, सगळं कातडीपर्यंत उघडलं, कोपर सैल केलं. अर्ध्या तासात पोर झोपलं. नाडी शेवटपर्यंत लागू शकते, आत स्नायू मरत असला तरी. फोल्कमनने त्या आखडलेल्या हाताबद्दल १८८१ सालीच लिहून ठेवलंय आणि मी ते परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. हाडवैद्याने कामट्या आवळून काळे पाडलेले हात ओपीडीत आले की आम्ही त्याला शिव्या घालायचो. त्या रात्री हाडवैद्य मी होतो.

तू म्हणशील, तीस तास जागा असलेल्याकडून दुसरं काय होणार? बरोबर आहे. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांच्या वर नको असं लिहिलंय. ‘आम्हीही हेच सोसलं’ म्हणणारे माझ्याच वयाचे आहेत, त्यांचं ऐकू नकोस. झोपेसाठी भांड, मार्डच्या बैठकीला जा, सही कर. प्लास्टर रूम मात्र सोडवून घेऊ नकोस. पुढे तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे आहेत. तिथे सी-आर्म बंद पडला तर तुझ्याजवळही हातच उरतील. नेल ठोकायला तू शिकशीलच, ते सगळेच शिकतात.

सीट सोडायचं नंतर बघू. आधी एवढं कळव : गेल्या आठवड्यात घातलेल्या प्लास्टरांपैकी किती तू दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पाहिलीस?

तुझा,
मामा