पट्टी भिजू द्या

परवा शेजारचा मुलगा सायकलवरून पडला. त्याच्या आईने जखमेवर कापूस दाबून वर चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी कापूस असा घट्ट बसला होता की पोरगा हात लावू देईना. ती त्याला घेऊन माझ्याकडे आली. "काकू, तुम्हीच काढा. मला बघवत नाही." मी उकळलेलं पाणी कोमट करून त्यात मीठ घातलं आणि कापसावर थेंब थेंब सोडत बसले. पोराने ओठ घट्ट मिटून घेतले होते. रडत होते ती मी. एका खरचटलेल्या गुडघ्यासाठी! सरकारी रुग्णालयाच्या जळीत वॉर्डात उमेदीची वर्षं काढलेल्या बाईने रडावं असं तिथे काहीच नव्हतं.

हल्ली हे वाढलंय. पुराच्या पाण्यात दावणीला अडकलेली म्हैस बातम्यांत दिसली, एसटीत एखादा म्हातारा तिकिटाचे पैसे पुन्हा पुन्हा मोजताना दिसला, की घसा दाटतो. मुलगी म्हणते, वयाने होतं. मला वाटतं, तेव्हा हात कामात असायचे. आता हात रिकामे आहेत, म्हणून सगळं डोळ्यांत येतं.

आणि दर वेळी तीच आठवते. खिडकीजवळच्या खाटेवरची, विशीही न ओलांडलेली मुलगी. मंगळसूत्र कागदाच्या पुडीत बांधून उशाशी ठेवलेलं. भाजलेल्या जखमेतून लस येते, ती गॉजमध्ये मुरते, वाळते आणि गॉज जखमेला चिकटून बसतो. आमच्या इन्चार्ज सिस्टर ड्रेसिंगच्या आधी सलाइनची बाटली गरम पाण्यात ठेवायच्या. मग गॉज पुरता भिजेपर्यंत थांबायच्या. "आता डावा हात करते. मग थांबू. मग पाणी पी." असं प्रत्येक गोष्ट आधी सांगून करायच्या. मुलगी एवढंच म्हणायची, "सावकाश, सिस्टर."

एकदा राउंडला आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी तिच्या दंडावरचा वाळलेला गॉज एका झटक्यात ओढला. खालून रक्त आलं. "उगाच लाड नकोत," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

डॅन एरिएली नावाचे एक इस्रायली-अमेरिकन प्राध्यापक आहेत. अठराव्या वर्षी मॅग्नेशियमच्या भडक्यात त्यांचं सुमारे 70 टक्के अंग भाजलं. रुग्णालयातल्या परिचारिका त्यांच्या पट्ट्या भराभर ओढून काढत, कारण झटपट उरकलं की रुग्णाला कमी सोसावं लागतं अशी त्यांची खात्री होती. बरे झाल्यावर एरिएलींनी वेदनेवर प्रयोग केले. थोडी कमी वेदना जास्त वेळ सोसणं माणसाला सोपं जातं, आणि मध्ये विसावा मिळाला तर आणखी सोपं, असं त्यांना दिसलं. हे सांगायला ते त्याच रुग्णालयात परत गेले. तेव्हा एक परिचारिका म्हणाली की, रुग्ण ओरडत असताना आमच्या मनाचे काय हाल होतात ते तुम्ही धरलंच नाहीत.

एरिएलींच्या 2008च्या पुस्तकात मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. म्हणजे ती घाई दगडाच्या काळजाची नव्हती. ओरडणं ऐकवत नव्हतं, म्हणून हात पळत होते. 2004 साली मेंदूचा अभ्यास करणाऱ्या टानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा जोडप्यांवर प्रयोग केला. नवऱ्याच्या किंवा मित्राच्या हाताला विजेचा चटका बसणार हे बाईला कळलं, की स्वतःला चटका बसल्यावर मेंदूचे जे भाग तळमळतात, त्यांतले काही तिच्याही मेंदूत जागे होत. दुसऱ्याचं दुखणं आपल्यातही दुखतं हे अगदी खरं आहे. पण दुखलं की माणूस आधी स्वतःची सुटका बघतो. पुढे सिंगर यांच्याच गटाला आढळलं की, दुसऱ्याच्या वेदनेत नुसतं बुडून राहायला शिकलेली माणसं खचतात. त्याच माणसांना समोरच्याचं भलं व्हावं अशी माया धरायला शिकवलं, की ती सावरतात.

आमच्या सिस्टरना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनाही तो आवाज ऐकवत नसणार. पण त्या स्वतःचं दुखणं बाजूला ठेवायच्या आणि गॉज भिजायची वाट बघायच्या.

त्या मुलीचा जबाब घ्यायला नायब तहसीलदार यायचे होते. नणंद खाटेला चिकटून उभी. सिस्टरनी तिच्या हातात औषधांची चिठ्ठी दिली आणि तिला बाहेरच्या दुकानात पाठवलं. मग पडदा ओढला. मुलगी शुद्धीवर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं. ती छताकडे बघत म्हणाली, "स्टोव्हचा भडका उडाला." तेव्हा त्या वॉर्डात किती स्टोव्ह भडकायचे! आणि भडका उडायचा तो नेमका सुनेच्याच अंगावर. सासरच्या छळाविरुद्धचं कलम 498अ 1983 साली आलं, हुंडाबळीचं 304ब 1986 साली. कायदा होता, साहेब कागद-पेन घेऊन समोर बसले होते, पडदा ओढलेला होता, आणि तरीही तिच्या तोंडून स्टोव्हच निघाला. माहेरी लहान बहिणी असतील, घरी तान्हं मूल असेल, नाहीतर खरोखरच स्टोव्ह असेल. आम्हाला कधीच कळलं नाही.

मला त्या दिवशी चीड आली होती. "बोल ना गं," असं तिला गदागदा हलवून सांगावंसं वाटत होतं. सिस्टरनी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सलाइनची बाटली गरम पाण्यात ठेवली आणि तितक्याच सावकाश ड्रेसिंग केलं. ती खरं बोलली की नाही, यावर त्यांच्या हाताची माया अवलंबून नव्हती. थोड्याच दिवसांत ती मुलगी गेली.

आज लोक मला सांगतात, "मी फार हळवा झालोय, कुणाचं दुःख बघवत नाही." त्यांचं मला खरंच वाटतं, कारण माझंही तेच झालंय. पण जे बघवत नाही ते माणूस टाळू लागतो. आजाऱ्याला भेटायला जातो, हुंदका देतो, पाच मिनिटांत उठतो. रडून आपण हलके होतो आणि तो तिथेच राहतो. म्हणून डोळे भरून आले तर लाजू नका, पण पुसून तिथेच थांबा. काय हवंय ते त्यालाच विचारा. तो काही सांगणार नसेल तर खोदू नका. रात्रभर जागणाऱ्या त्याच्या बायकोला घरी झोपायला पाठवा आणि त्या रात्री खुर्चीवर तुम्ही बसा.