अर्धं ठेवून येऊ नकोस

पावती आईला सापडली. पँट भिजवण्याआधी खिसे तपासायची तिची जुनी सवय. सुट्टे पैसे निघतात, कधी पेनड्राइव्ह निघतो. त्या दिवशी घडी घातलेला कागद निघाला : 'सायकोथेरपी सेशन, १५०० रुपये'.

तिने तो दोन दिवस मसाल्याच्या डब्याखाली ठेवला. मग रविवारी सकाळी मेथी निवडताना, माझ्याकडे न बघता विचारलं, "तिथे माझ्याबद्दल काय सांगतोस?"

मी म्हटलं, "तुझ्याबद्दल काही नाही गं. ऑफिसचं टेन्शन असतं ना, ते."

हे खोटं होतं. आदल्याच दिवशी मी पन्नासातली चाळीस मिनिटं तिच्याबद्दल बोललो होतो.

सुरुवात मात्र तिच्यापासून झाली नव्हती. ती झाली सायन आणि कुर्ल्याच्या मध्ये. मी लालबागला राहतो, नोकरी ऐरोलीला. करी रोडहून स्लो लोकल, ठाण्याला गाडी बदलायची. सकाळी ही उलट्या दिशेची गाडी, त्यामुळे बसायलाही मिळतं. २०२३च्या ऑगस्टमधल्या एका सकाळी खिडकीजवळ आरामात बसलेलो असताना छाती अचानक धडधडायला लागली. बोटांना मुंग्या आल्या, तोंडाला कोरड पडली आणि डोक्यात एकच विचार : आपण आता मरणार. कुर्ल्याला उतरलो, रिक्षा केली, हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नॉर्मल आला. तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला दिला. दोन्ही घेऊन घरी आलो.

पुढच्या तीन आठवड्यांत असं आणखी चारदा झालं. मी कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे पहिलं काम केलं ते गूगल शीट बनवायचं. वेळ, स्टेशन, झोप किती तास, चहा किती कप, त्रास किती मिनिटं. पॅटर्न सापडेल याची खात्री होती. सापडलं ते एवढंच की मी हळूहळू सगळं टाळायला लागलो होतो. आधी फास्ट लोकल, मग लोकलच, मग लिफ्ट. वर्क फ्रॉम होमचे दिवस वाढवून घेतले.

पण होम म्हणजे चाळीतली एकशेऐंशी चौरस फुटांची खोली आणि माणसं चार : आजी, आई, बाबा, मी. चाळीबद्दल बोलताना लोक हळवे होतात. दारं उघडी असतात, कोणी एकटं नसतं, वगैरे. ते खरं आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांतले एक माझे आजोबा. तेव्हा शेजारच्या घरातून डाळ-तांदूळ कसे यायचे हे आजी अजून सांगते. पण उघड्या दारांची दुसरीही बाजू आहे. तुम्ही रडलात तर ते मजल्यावर सगळ्यांना ऐकू जातं. ऐकू जातं, पण विचारत कोणी नाही, कारण विचारलं तर ऐकलं हे कबूल करावं लागतं.

एका रात्री १४४१६ला फोन लावला. ही 'टेलिमानस' नावाची सरकारी मोफत हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली. चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. मी गच्चीच्या जिन्यात जाऊन बसलो. पलीकडच्या ताईंनी विचारलं, "तुम्ही आत्ता मोकळेपणाने बोलू शकता का?" चार पायऱ्या वर दोन पोरं मोबाइलवर गेम खेळत बसली होती. मी 'हो' म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोललो. शेवटी त्या म्हणाल्या, "कोणाला तरी प्रत्यक्ष भेटा."

कोणाला भेटायचं हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून इथे सांगतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे डॉक्टर. ते निदान करतात, औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, बोलून उपचार करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'काउन्सेलर' ही पाटी मात्र कोणीही लावू शकतं, तेव्हा शिक्षण विचारून घ्यावं. विचारण्यात उद्धटपणा नाही.

आमच्या घरापासून केईएम चालत जाण्याएवढं जवळ. तिथे मानसोपचार विभाग आहे आणि पालिकेचं हॉस्पिटल असल्यामुळे खर्चही फार नाही. तरी मी तिथे गेलो नाही. ओपीडीच्या रांगेत आमच्या मजल्यावरचं कोणीतरी भेटणार, ही भीती. त्याऐवजी दादरच्या हिंदू कॉलनीत एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जायला लागलो. पंधराशेमधले निम्मे तरी मी ओळखीचं कोणी न भेटण्याचे देत होतो. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की विमा कंपन्यांनी मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावेत. पण बहुतेक पॉलिसींचा भर हॉस्पिटलात दाखल होण्यावर. दर शनिवारची पन्नास मिनिटं त्यात बसत नाहीत. महिन्याला सहा हजार. आयटीतल्या पगारातूनही ते जाणवतात. ज्याला तो पगार नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न मला दर शनिवारी जिना चढताना पडतो.

पहिल्या दिवशी मॅडमना शीट दाखवली. त्यांनी ती खरंच नीट वाचली. मग म्हणाल्या, "सगळं आहे यात. 'कोणाला सांगितलं' हा कॉलम नाहीये."

त्यांनी मला जे समजावलं ते एखाद्या सिस्टिमसारखंच होतं, म्हणून पटलं. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात, गरगरतं. हे साधारण दहा मिनिटांत टोकाला जातं आणि आपोआप उतरतं. पण ते उतरायच्या आत आपण गाडीतून उतरलो, तर मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते. म्हणून उपाय पळण्याचा नाही, थांबण्याचा.

न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस आणि फिलाडेल्फियात अ‍ॅरन बेक यांनी १९५०-६०च्या दशकांत विचार, भावना आणि वागणं यांच्या साखळीवर काम करणाऱ्या या पद्धती उभ्या केल्या. एलिसची विचारपद्धती मराठीत रुजवण्यात ठाण्याच्या आयपीएचचे डॉ. आनंद नाडकर्णी यांचा मोठा वाटा. माझ्या वाट्याला त्यातून गृहपाठ आला : भीतीची यादी, सोपीपासून अवघडपर्यंत. आधी लिफ्ट. मग करी रोड ते परळ, एकच स्टेशन. मग दादर. शेवटी दादरहून ठाण्याची फास्ट. घाबरायला झालं तरी ठरलेल्या स्टेशनाआधी उतरायचं नाही. फास्ट लोकलपर्यंत पोचायला मला चार महिने लागले.

पण मला मूळ कारण हवं होतं. बग कुठल्या ओळीत आहे ते कळल्याशिवाय टिकेट बंद कसं करायचं? मॅडम म्हणाल्या, "शोधूया. पण कारण सापडलं की भीती जाते, असं दर वेळी होत नाही." मग त्यांनी साधा प्रश्न विचारला : "लहानपणी घरात ताण असला की तुम्ही काय करायचात?"

मी म्हटलं, "ऐकायचो."

नववीत होतो. बाबा ज्या दुकानात कामाला होते ते बंद पडलं. रात्री बाबा आणि आजी झोपले की आई गॅलरीत येऊन बसायची आणि कुजबुजत सगळं सांगायची. कोणाचे किती द्यायचेत, कुठली बांगडी गहाण आहे, कुठली मावशी काय बोलली. शेवटी म्हणायची, "बाबांना सांगू नकोस." मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मीही श्वास रोखून बसायचो. ते दोनेक वर्षांत सावरलं, बाबांना काम मिळालं, पण गॅलरी थांबली नाही. आजही रात्री दहा वाजले की ती कपडे काढायच्या निमित्ताने बाहेर येते आणि सुरू होते. माझी छाती तेव्हा आवळून येते. हे मी शीटमध्ये कधी लिहिलंच नव्हतं.

हे बोलल्यावर आधी राग आला. चौदा वर्षांच्या पोराला हे सगळं का सांगायचं? जिना उतरेपर्यंत त्या रागाची लाज वाटायला लागली. तिने सांगायचं तरी कोणाला होतं?

२०१५-१६मध्ये निम्हान्सने बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यानुसार दर शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत शंभरातल्या पंच्याऐंशींना उपचार मिळत नव्हते. आई या पंच्याऐंशींतही बसेल की नाही, ठाऊक नाही. तिला काही 'झालेलं' नाही. ती उठते, डबे भरते, मे महिन्यात मसाला गल्लीत उभी राहून वर्षाचा मसाला कुटून आणते. फक्त तिचं ऐकायला एकच माणूस होता आणि तो नववीत होता.

पुढच्या रविवारी मी तिला खरं सांगितलं. बाबा बाजारात गेले होते, आजी झोपली होती. म्हटलं, "आई, मी तिथे तुझ्याबद्दलही बोलतो. गॅलरीबद्दल." गाड्यांमध्ये काय होतं तेही सांगितलं. आणि हेही, की रात्रीचं ते सगळं मला आता रोज झेपत नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुला सांगितलं की तू शहाणा होशील."

"झालो की."

हसली नाही. थोड्या वेळाने विचारलं, "पंधराशे दर वेळेला?"

"हो."

"बाई गं." मग गॅस बारीक करत म्हणाली, "एवढे पैसे देतोस तर नीट सगळं बोल. अर्धं ठेवून येऊ नकोस."

परवानगी अशी मिळेल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. गेल्या महिन्यात घाटकोपरच्या आधी पुन्हा छाती धडधडली. मी बसून राहिलो, ठाण्यापर्यंत. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आई रात्री गॅलरीत येते, पण आता बऱ्याचदा नुसती उभी राहते, आणि तिची ती शांतताही मला सोपी जात नाही. एकदा मी तिला १४४१६बद्दल सांगून पाहिलं. म्हणाली, "अनोळखी माणसाला काय सांगायचं?" मी म्हटलं, "मीही अनोळखी माणसालाच सांगतो." तिने विषय बदलला.

परवा कालनिर्णयचं पान उलटताना दिसलं. सिलिंडर लावल्याची तारीख, दुधाचा हिशेब, आणि खाली कोपऱ्यात तिच्या अक्षरात पाच आकडे : १४४१६. पुढे नाव नाही, काही नाही.

मी विचारलेलं नाही.