नाचणारी एक, उभा दुसरा

जोडीचा नाच सुरू झाला की मी आधी पुरुषाकडे बघते. बाईकडे सगळेच बघत असतात. टिकल्या तिच्या अंगावर, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, आणि घेरदार घागऱ्याची गिरकी कशीही घेतली तरी बरीच दिसते. पुरुषाच्या अंगावर मात्र काळी पॅंट, काळा शर्ट. तो चुकला तर लपायला जागा नाही. म्हणजे कोरिओग्राफरने करून दिली नसेल, तर नाही.

ती जागा कशी करून देतात हे हुडकायचा नाद मला २००५ साली लागला, ‘नच बलिये’च्या पहिल्या पर्वात. तेव्हा आम्ही डोंबिवलीला होतो. घरात टीव्ही एकच, त्यासमोर सासूबाई, नणंद आणि मी. शेजारच्या वहिनी निवडायची मेथी घेऊन यायच्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत मेथी तशीच राहायची. पडद्यावर परीक्षक होते सरोज खान, मलायका अरोरा आणि फरहान अख्तर. आमच्याकडचं मंडळ त्यांच्यापेक्षा बरंच कडक होतं.

त्या स्पर्धेत खऱ्या आयुष्यातली नवरा-बायको नाचायची, आणि सगळी गंमत तिथेच होती. नाचता येतं म्हणून कुणी लग्न करत नाही. त्यामुळे बहुतेक जोड्यांत एकाला नाच यायचा आणि दुसऱ्याला उत्साह असायचा. मग काय, त्याच्या हातात छत्री द्यायची, डोक्यावर टोपी द्यायची, नाहीतर त्याला खुर्चीत बसवायचं आणि बायकोने खुर्चीभोवती फिरायचं. अगदीच कठीण असेल तर त्याने एक हात वर धरून उभं राहायचं, तिने त्या हाताखाली गिरक्या घ्यायच्या. टाळ्या दोघांना. नणंद पहिल्याच मिनिटाला निकाल द्यायची, “वहिनी, हा नाचत नाहीये. हा उभा आहे.”

मी शाळेत असताना काही वर्षं कथक शिकले. येतं असं म्हणण्याइतकं काही येत नाही, पण सम चुकली की मला बसल्या जागी टोचतं. टीव्हीवरच्या नाचात ती कुठे चुकते तेही हळूहळू कळायला लागलं. दोन-तीन गाणी कापून एकाला एक जोडलेली असतात. पहिल्या गाण्याची लय अंगात बसलेली असते आणि अचानक दुसरं सुरू होतं. जिला नाच येतो ती तो सांधा सहज ओलांडते. ज्याला स्टेप्स नुसत्या पाठ असतात, तो तिथे अर्धा क्षण बायकोच्या पायांकडे बघतो. तेवढ्यात माझे गुण कापून झालेले असायचे.

सासूबाईंना लय, सम यांचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं मत सचिन-सुप्रियाला, ते १९८४ साली ‘नवरी मिळे नवऱ्याला’ बघितला तेव्हाच देऊन झालेलं. मला वरुण बडोला आणि राजेश्वरी सचदेव आवडायचे, त्यावरून घरात रीतसर दोन तट. एसएमएस करायची वेळ आली की सासूबाई फोन माझ्या हातात द्यायच्या आणि मी नक्की कुणाचं नाव टाइप करते ते चष्मा लावून बघायच्या. अखेर त्यांचीच जोडी जिंकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरा केला आणि मला जरा जास्तच वाढला.

पण एक गोष्ट मी त्यांच्याकडूनच शिकले. नवऱ्याने बायकोला डोक्यावर उचललं की आम्ही टाळ्या पिटायचो, आणि त्या म्हणायच्या, “उचलेल कुणीही. ठेवतो कसा ते बघा.” हे त्यांना कुठून सुचलं देव जाणे, पण बोलल्या नेमकं. उचलण्यात पुरुषाच्या ताकदीइतकाच बाईच्या उडीचा वाटा असतो. ती गुडघे वाकवून वेळेवर उडाली तर निम्मं काम झालेलं असतं. उतरताना मात्र तिला जमीन दिसत नाही. तिचे चवडे आधी टेकून मग टाच खाली येईपर्यंत त्याने तिचं वजन धरून ठेवायला हवं, आणि त्यासाठी त्याचेही गुडघे वाकायला हवेत. कित्येक जण तिला धपकन सोडून कॅमेऱ्याकडे बघून हसतात. तसं कुणी केलं की सासूबाई “मेल्या” म्हणायच्या, मग तो कितीही मोठा नट असो.

२०१५ साली सातव्या पर्वात अमृता खानविलकर आणि हिमांशू मल्होत्रा होते. ‘नटरंग’मधल्या लावणीपासून अमृताचा नाच घराघरात माहीत, त्यामुळे ती काय करणार याची चिंता नव्हती. सासूबाईंची नजर हिमांशूवर. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालेलं, तेव्हा तो लगेच “आपला जावई” झाला होता. परीक्षकांत चेतन भगत बसलेले. कादंबरीकाराने नाचाला गुण द्यायचे, तर आमचं मंडळ का नको, असं नणंद माहेरी आली की म्हणायची. मर्झी पेस्तनजी काही बोलले की मात्र आम्ही गप्प बसून ऐकायचो, कारण ते स्वतः नाच बसवणारे.

जावई उचलतो कसा याची आमच्याकडे कुणालाच फिकीर नव्हती. तो ठेवतो कसा ते बघायचं होतं, आणि नेमकं तेच दिसेना. अमृता हवेत गेली की कॅमेरा वरून गोल फिरून यायचा, वाद्यं टिपेला जायची, आणि तिचे पाय खाली येणार तेवढ्यात पडद्यावर प्रीती झिंटाचा आश्चर्याने उघडलेला चेहरा. परत नाच दिसेपर्यंत दोघं हातात हात घालून उभी. पुनःप्रक्षेपणातही अर्थात तेच. सासूबाई पुढे सरकून बसायच्या, मान वाकडी करून बघायच्या, जणू बाजूने बघितलं तर प्रीतीच्या मागचं दिसेल. शेवटी जोडी जिंकली तेव्हा मी म्हटलं, “घ्या, तुमचे जावई जिंकले.”

“जिंकू दे,” त्या म्हणाल्या. “मी अजून गुण दिलेले नाहीत.”